नॉइज रिडक्शन वेगळं, डायरेक्शनल माइक वेगळा

कॉक्लियर इम्प्लांट म्हणजे ऑपरेशनने आतल्या कानात बसवलेलं, ऐकण्याच्या नसेला करंट देऊन आवाज पोचवणारं यंत्र. त्याच्या प्रोसेसरमध्ये, म्हणजे बाहेर लावायच्या माइकवाल्या भागात, गोंगाटासाठी वेगळा प्रोग्राम टाकून मिळाला की वाटतं झालं, आता गर्दीत पण बोलणं कळणार. पण त्या एका प्रोग्राममध्ये बहुतेक वेळा नॉइज रिडक्शन आणि डायरेक्शनल माइक अशा दोन गोष्टी चालू असतात, आणि दोघांचं काम एकच आहे असं समजून लोक गोंधळतात.

गोंगाटात इतका त्रास होतो तो का, हे आधी बघू. शाबूत कानात मेंदूकडे आवाज पोचवणाऱ्या आतल्या ओळीतल्या हेअर सेल, म्हणजे आवाज टिपणाऱ्या पेशी, साधारण 3,500 असतात, इम्प्लांटमध्ये कंपनीनुसार इलेक्ट्रोड (नसेला करंट देणारे बिंदू) 12 ते 22, त्यातही करंट कॉक्लियातल्या (आतल्या कानाच्या शंखातल्या) द्रवात पसरून शेजारच्या इलेक्ट्रोडच्या करंटमध्ये मिसळतो, त्यामुळे बऱ्याच जणांच्या वाट्याला खरोखर वेगळे असे आठेकच चॅनल, म्हणजे आवाजाच्या वेगवेगळ्या पट्ट्या पोचवणारे मार्ग, येतात. शांत खोलीत तेवढ्यावर भागतं. पण दोन माणसं एकदम बोलली की कुठला शब्द कोणाचा हे आपण बरंचसं आवाजाच्या उंच-खालच्या पट्टीवरून ओळखतो, आणि नेमकी तीच नीट पोचत नाही.

आता नॉइज रिडक्शन. हे दिशा बघतच नाही. आवाज एकसारखा चालू आहे का चढउतार होतोय एवढंच ते प्रत्येक चॅनलमध्ये तपासतं. पंखा, इंजिन, एसी हे सतत एकाच पातळीवर घरघरतात, बोलणं मात्र सेकंदाला चारेक वेळा वरखाली होतं, मग ज्या चॅनलमध्ये नुसती घरघर आहे तो ते दाबून टाकतं. अशा आवाजात इम्प्लांटवाल्यांना याचा चांगलाच फायदा होतो, नुसता आराम नाही, शब्दही जास्त कळतात. पण शेजारच्या टेबलावरच्या गप्पांचं काय? तेही बोलणंच, त्याचाही चढउतार तसाच, मग मशीनने ओळखायचं कसं!

तिथे डायरेक्शनल माइक लागतो. प्रोसेसरवर पुढे-मागे दोन माइक असतात, मागून आलेला आवाज मागच्या माइकला सेकंदाच्या काही लाखाव्या भागाने आधी लागतो, त्या फरकावरून तो कमी केला जातो. आवाज बोलण्याचा आहे का मशीनचा याच्याशी त्याला घेणंदेणं नाही, त्यामुळे गप्पांच्या कलकलाटात माझ्या मते खरा उपयोग याचाच. अर्थात बसायची जागा चुकली तर तोही गेला, म्हणजे गर्दीकडे पाठ आणि बोलणाऱ्याकडे तोंड हवं. घुमणाऱ्या हॉलमध्ये आवाज भिंतींवर आपटून सगळीकडून येतो, तिथे हा ढेपाळतो, बोलणारा लांब असला तरी तेच, अशा वेळी बोलणाऱ्याच्या कॉलरला लावायचा वायरलेस माइक या दोघांपेक्षा भारी पडतो.

आणि गाडीत पुढच्या सीटवर असाल तर उलटच, मागच्या सीटवरचा माणूस बोलतोय आणि डायरेक्शनल माइक त्यालाच दाबतोय. म्हणून मॅपिंगला (प्रोसेसरची सेटिंग जुळवून घ्यायला) गेलात की ऑडिओलॉजिस्टला विचारून घ्या, कुठल्या प्रोग्राममध्ये काय चालू आहे, आणि नॉइज रिडक्शन चालू पण माइक चारी बाजूंचं ऐकणारा असा एक प्रोग्राम गाडीसाठी वेगळा मागून घ्या.