पाणबुडीतून डायव्हर सोडणे व परत घेणे

पाण्याखाली असलेल्या पाणबुडीतून डायव्हर बाहेर पाठवण्याची व काम आटोपल्यावर त्याला पुन्हा आत घेण्याची पद्धत. टेहळणी, घातपात, समुद्रतळावरील केबलची कामे आणि बुडालेल्या पाणबुडीतून सुटका यांसाठी ती वापरतात.

तत्त्व : पाणबुडीत हवेचा दाब जमिनीवरच्याइतकाच ठेवलेला असतो, बाहेर मात्र पाण्यामुळे दर १० मीटर खोलीला दाब सुमारे एका वातावरणाने (जमिनीवरच्या हवेच्या दाबाइतका) वाढतो. २० मीटरवर ६० सेंटीमीटर व्यासाच्या झाकणावर साडेपाच टनांहून अधिक भार पडतो. त्यामुळे डायव्हर आधी एका मजबूत कक्षात शिरतो, पाणबुडीकडचे झाकण लावून घेतो आणि झडपेतून पाणी आत सोडतो. कक्षातली हवा दबत जाते (२० मीटरवर मूळच्या एक-तृतीयांश), कान दुखू लागतात, ते पुन्हा पुन्हा मोकळे करावे लागतात. दाब समान झाला की बाहेरचे झाकण हाताने उघडते. परतताना क्रम उलटा. कक्ष भरताना प्रत्येक घनमीटर पाण्यामागे टनभर वजन वाढून पाणबुडीचा तोल बिघडू शकतो. म्हणून ते पाणी शक्यतो पाणबुडीतल्याच टाकीतून घेतात व तिथेच परत सोडतात.

उगम : या पद्धतीचा जनक कोण याबाबत एकमत नाही. डच संशोधक ड्रेबेल याने १६२० च्या सुमारास टेम्स नदीत नौका पाण्याखाली नेल्याचे सांगतात, पण तीतून कोणी बाहेर पडल्याचा भरवशाचा पुरावा नाही. जर्मन पक्ष विल्हेल्म बाउअरचे नाव पुढे करतो. १ फेब्रुवारी १८५१ रोजी कील बंदरात त्याची पाणबुडी तळाला गेली, तेव्हा बाउअरने साथीदारांना पटवून पाणी मुद्दाम आत येऊ दिले. दाब समान होताच झाकण उघडले आणि तिघेही जिवंत वर आले. रशियात बांधलेल्या त्याच्या पुढच्या पाणबुडीत डायव्हरसाठी वेगळा कक्ष असल्याचे काही अभ्यासक मानतात. अमेरिकी पक्षाचा भर १८६२ च्या ‘ॲलिगेटर’वर आहे. द विलरोई या फ्रेंच अभियंत्याच्या या पाणबुडीत डायव्हरचा कक्ष होता. मात्र प्रत्यक्ष लढाईत तो वापरला जाण्याआधीच, एप्रिल १८६३ मध्ये, ती वादळात बुडाली. अमेरिकी संशोधक सायमन लेकच्या ‘आर्गोनॉट’ने (१८९७) निराळी वाट धरली. तिच्या पुढच्या कक्षात हवेचाच दाब बाहेरच्या पाण्याइतका वाढवत आणि मग तळाचे दार उघडत. पाणी आत येत नसे. बाउअरने तत्त्व सिद्ध केले, विलरोईने कक्ष बांधला व लेकने तो रोजच्या कामात आणला, अशी विभागणी उपलब्ध माहितीशी अधिक जुळते.

युद्धातील वापर : ३१ जुलै १९४५ रोजी सिंगापूरजवळ ‘एक्सई-३’ ही ब्रिटिश बुटकी पाणबुडी जपानी क्रूझर ‘ताकाओ’च्या पोटाखाली इतकी घट्ट अडकली, की तिचे झाकण पूर्ण उघडेना. तिचा डायव्हर जेम्स मॅगेनिस त्या फटीतून बाहेर सरपटला. क्रूझरच्या बुडावर शिंपल्यांचा थर होता. तो खरवडल्याशिवाय चुंबकी सुरुंग चिकटत नव्हते. दमून परतल्यावर पाणबुडीच्या बाहेर बसवलेला, सुरुंग धरून ठेवणारा एक वाहक-साचा सुटत नसल्याचे कळले. मॅगेनिस पुन्हा बाहेर गेला व सात मिनिटे झगडून त्याने तो मोकळा केला. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटनचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले. त्याचे धैर्य मोठेच. पण त्या कक्षातून दुसऱ्यांदा बाहेर पडता आले, हेही तितकेच महत्त्वाचे.

आधुनिक प्रकार : ५३३ मिलिमीटरच्या टॉर्पेडो नळीतून सरपटत बाहेर पडणे, हा वेगळा कक्ष नसलेल्या पाणबुड्यांचा मार्ग. अमेरिकी पाणबुड्यांच्या पाठीवर सुमारे ११.६ मीटर लांबीचा कोरडा निवारा बसवता येतो. त्यात छोट्या वाहनाची जागा, मधला कक्ष व उपचारासाठी दाबकक्ष असतो. अशी कामे करणारे भारतीय नौदलाचे मरीन कमांडो दल १९८७ मध्ये उभे राहिले. ‘शिशुमार’ वर्गात सर्व कर्मचाऱ्यांना घेऊन सुटणारा सुटका-गोल आहे. तो डायव्हरच्या कामासाठी नाही.

शरीरावरील परिणाम : दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन दाब झपाट्याने उतरल्यास बुडबुडे धरतो. खोलवर बराच वेळ काढलेल्या डायव्हरला म्हणून टप्प्याटप्प्याने सामान्य दाबावर आणतात. पाण्यात बुडबुडे न सोडणाऱ्या शुद्ध ऑक्सिजनच्या श्वसन-उपकरणाला साधारण ६-७ मीटरांची मर्यादा असते, कारण त्याखाली ऑक्सिजन विषारी ठरू लागतो.

पुण्याच्या संदर्भात : पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्याने येथे हवेचा दाब सहा टक्क्यांच्या आसपास कमी असतो. त्यामुळे खडकवासल्यासारख्या जलाशयातील बुडीसाठी बुडीची वेळ व वर येण्याचे टप्पे ठरवणारी समुद्रावरची कोष्टके जशीच्या तशी लावता येत नाहीत. उंचीची दुरुस्ती करावी लागते. तारकर्लीला स्कूबा करून त्याच संध्याकाळी घरी निघणाऱ्या पुणेकरांनाही उंचीवरच्या या कमी दाबाचा विचार करावा लागतो. वाटेतला आंबोली घाट सुमारे ६९० मीटरपर्यंत चढतो. उथळ, थोड्या वेळाच्या बुडीत धोका कमी. पण विमानप्रवासाआधी एका बुडीनंतर किमान १२ तास, अनेक बुड्या मारल्यास १८ तास थांबण्याचा प्रघात आहे, आणि खोल बुडीनंतर घाट चढण्याआधीही रात्रभर किनाऱ्यावरच मुक्काम करणे इष्ट.