नागाला शीळ ऐकू येत नाही, बाऊल कदाचित येईल

मध्यंतरी व्हॉट्सअॅपवर एक पोस्टर फिरत फिरत माझ्यापर्यंत आलं. आमच्याच सिंधुदुर्गातल्या एका बीच रिसॉर्टवर 'सर्प साउंड हीलिंग'. पौर्णिमेची रात्र, वाळूवर चटया, मधोमध नागाची पितळी मूर्ती, भोवती तिबेटी बाऊल, म्हणजे काठावर काठी फिरवली की गुंजणाऱ्या धातूच्या वाट्या, आणि खाली बारीक अक्षरात, की नागाच्या मूळ फ्रिक्वेन्सीवर म्हणजे 432 हर्ट्झवर कुंडलिनी जागृत केली जाईल. फी बघून आमची ही म्हणाली, एवढ्यात घर शाकारून होईल.

फी ज्याची त्याने बघावी. लोकांनी वाळूवर पडून छान आवाज ऐकावा, माझं काय जातंय. कुंडलिनीचंही तसंच, मूलाधारात साडेतीन वेढे घालून झोपलेली सर्पिणी ही योगातली जुनी कल्पना आहे, ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात ती कुंकवात न्हालेल्या नागाच्या पिल्लासारखी येते, वाचताना अंगावर काटा येतो. पण तिला हर्ट्झ चिकटवले की मग मोजायला बसावं लागतं. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं, आणि सेकंद हे माप माणसानं ठरवलेलं. दिवसाचे 86,400 ऐवजी एक लाख भाग केले असते तर तोच सूर 373 झाला असता, मग 432 मध्ये पवित्र काय उरलं?

असो. नागाला ऐकू काय येतं हे विचारण्यात जास्त मजा आहे, कारण ते लोकांनी खरंच मोजलंय.

आमच्याकडे पोरांना अजून दम देतात, "रे, रातीचो शीळ घालू नको, जनावर येतला." जनावर म्हणजे साप. आणि दुसरीकडे अशी समजूत की साप ठार बहिरा. दोन्ही एकाच घरात सुखाने नांदतात. खरं दोन्हीच्या मध्ये आहे. सापाला बाहेरचा कान नाही, कानाचा पडदा नाही, पण आतला कान शाबूत आहे, आपल्यासारखा शंखासारखा वळलेला नाही इतकंच. 2012 साली रॉयल पायथन जातीच्या अजगरांच्या मेंदूतले सिग्नल मोजले तेव्हा दिसलं की त्यांना सगळ्यात चांगलं कळतं ते 80 ते 160 हर्ट्झच्या पट्ट्यात. सापांची एकूण धाव साधारण सहाशेपर्यंत, काही जातींत थोडी वर, तीही आवाज दणकून असेल तर. माणसाची शीळ बहुतेक हजार हर्ट्झच्या वरच असते. म्हणजे शीळ ऐकून जनावर येणं जवळजवळ अशक्य, आलंच तर ते उंदरासाठी आलेलं असतं.

आता माझा लाडका भाग, जरा दमाने वाचा. साप जबडा जमिनीला टेकवून पडलेला असतो. जमिनीतून येणारी थरथर खालच्या जबड्याला हलवते, तिथून क्वाड्रेट नावाच्या हाडाला, तिथून कोलुमेला नावाच्या काडीसारख्या हाडाला आणि तिथून आतल्या कानात. हवेतला आवाजसुद्धा सापाची कवटीच हलवतो, त्या 2012 च्या प्रयोगाचा निष्कर्ष हाच होता. म्हणजे सापाच्या लेखी ऐकणं आणि थरथर जाणवणं यात आपण करतो तसला फरकच नाही.

आणि सापाच्या खालच्या जबड्याच्या दोन बाजू पुढे हनुवटीला हाडानं जोडलेल्या नसतात, मोठं भक्ष्य गिळायला त्या वेगवेगळ्या हलतात. 2008 मध्ये वाळवंटातल्या शिंगवाल्या घोणसावर एक गणित मांडलं गेलं. उंदीर वाळूवरून चालला की पृष्ठभागावरून बारीकशी लाट पसरते, तिची उंची मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढी, आणि सापाचा जबडा त्या लाटेवर नांगरलेल्या होडीसारखा डुलतो, डावी बाजू आधी, उजवी नंतर. वाळूत ही लाट सेकंदाला 50 मीटरच्या आसपास जाते. दोन बाजूंत समजा 2 सेंटिमीटर अंतर, तर फरक पडला 0.4 मिलिसेकंदाचा. आता आपले दोन कान घ्या, अंतर वीसेक सेंटिमीटर, हवेत आवाज 340 मीटरने जातो, फरक आला साधारण 0.6 मिलिसेकंद. जवळपास तेवढाच! एवढ्याशा डोक्याच्या जनावराला उंदीर कुठल्या बाजूला आहे हे कळू शकतं ते लाट हळू चालते म्हणून. मला हे गणित पहिल्यांदा कळलं तेव्हा मी वाळूत हात टेकवून बघत बसलो होतो, काही कळलं नाही ते सोडा.

म्हणून पाणंदीतून रात्री जाताना काठी आपटत चालणारे आजोबा बरोबर होते. काठीचा दणका खालच्या पट्टीतला, तो जमिनीतून जातो, आणि साप बहुधा आधीच बाजूला होतो. 'बहुधा' अशासाठी की 2023 मध्ये ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या संशोधकांनी 19 सापांना 450 हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकवले, त्यात तैपान आणि ब्राउन स्नेक लांब सरकले पण वोमा अजगर उलट आवाजाच्या दिशेने गेले. म्हणजे काठीबरोबर बॅटरी हवीच.

अजून एक, मग बाऊलकडे येतो. शाळेत शिकलेली कानातली तीन हाडं आठवतात ना, हातोडा, ऐरण, रिकीब. 1837 मध्ये कार्ल राइशर्ट नावाच्या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने डुकराचे गर्भ तपासताना पाहिलं की हातोडा आणि ऐरण ही सरपटणाऱ्यांच्या जबड्याच्या सांध्यातलीच हाडं आहेत. सापाचं क्वाड्रेट ती आपली ऐरण, कोलुमेला ती रिकीब, आणि जबड्याच्या मागच्या टोकाचं आर्टिक्युलर तो हातोडा. साप आपला पूर्वज नव्हे, दोघांचा पूर्वज एक, तीस कोटी वर्षांहून जुना. सस्तन प्राण्यांच्या वंशात जबड्याचा नवा सांधा तयार झाला, जुनी हाडं मोकळी झाली आणि हळूहळू कानात शिरली. मधली अवस्थासुद्धा दगडात सापडलीय, वीसेक कोटी वर्षांपूर्वीच्या मॉर्गान्युकोडॉन नावाच्या, सस्तनांच्या आद्य नातलगाच्या जबड्यात दोन्ही सांधे एकाच वेळी आहेत. रिसॉर्टवाल्यांना नाग आणि नाद यांचं नातं सांगायचंच होतं तर हे सांगायचं, फुकट होतं.

बाऊलचं काय? काठावर काठी फिरवली की ती अडकते-सुटते, अडकते-सुटते आणि धातूचा काठ लंबगोल होत थरथरतो. हाताने घडवलेला बाऊल अगदी गोल नसतो, म्हणून दोन जवळजवळचे सूर निघतात, समजा 220 आणि 223, आणि आपल्याला सेकंदाला तीन वेळा वूं-वूं-वूं असं चढउतार ऐकू येतं. त्या लयीत श्वास मंदावणं सोपं जातं. मंद श्वासाचा परिणाम खराच आहे, 2001 मध्ये इटलीत 23 जणांवर पाहिलं गेलं की जपमाळेची प्रार्थना असो की ओम मणि पद्मे हुम, श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येतो आणि रक्तदाब सांभाळणारी यंत्रणा जास्त चांगली चालते. खुद्द बाऊलवर 2017 मध्ये 62 लोकांचा एक अभ्यास झाला, ताण कमी झाल्याचं लोकांनी सांगितलं, पण तुलनेला दुसरा गटच नव्हता, त्यामुळे नुसतं तासभर शांत पडून काय झालं असतं ते त्यातून निघत नाही. बाऊल छातीवर ठेवला की आत गुणगुणल्यासारखं होतं तेही खरं, आपल्या त्वचेखालच्या, थरथर टिपणाऱ्या पॅसिनियन कणिका 250 हर्ट्झच्या आसपास सगळ्यात तिखट असतात. मोठ्या जड बाऊलचा सूर त्याच पट्ट्यात येतो. आणि असा बाऊल वाळूवर ठेवून वाजवला तर ती थरथर जवळपासच्या एखाद्या फुरशालाही कळेल. पौर्णिमेला वाळूवर झोपणाऱ्यांनी याचा विचार आपापला करावा. चावलंच तर बाऊलही नको आणि मांत्रिकही नको, सरळ ग्रामीण रुग्णालय, सापाच्या विषावरचं औषध तिथेच मिळतं.

पोस्टरवर शेवटी 'नाग फूत्कार प्राणायाम' होता, सगळ्यांनी मिळून फुस्स करायचं. सापांचा फूत्कार बहुतेक 3000 हर्ट्झच्या वरचा असतो, म्हणजे तो त्यांना स्वतःलाच ऐकू येत नाही. फुरसं तर अंगावरचे खरबरीत खवले एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज काढतं, तोही शत्रूसाठी. अपवाद नागराजाचा, म्हणजे किंग कोब्राचा, त्याच्या श्वासनलिकेला पिशव्या असतात आणि त्याचा फूत्कार सहाशे हर्ट्झपर्यंत खाली उतरतो, ऐकणाऱ्याला तो कुत्र्याच्या गुरगुरण्यासारखा वाटतो. तो प्राणायाम शिकवायचा तर आधी गळ्याला पिशव्या लावून घ्याव्या लागतील.