गजऱ्याची कड

बेळगाव-गोवा रस्त्यावरच्या चोर्ला घाटात रात्री दिसलेली म्हणून एका व्हिडिओतली बाई आमच्या ग्रुपवर आली. पांढरी साडी, आणि अंगातून आरपार दिसणारी झाडं. खानापूरच्या मावशीनं तर घाबरून मुलांना रात्रीचं गोव्याला जायला बंदी घातली. माझा भाचा शहापूरचा, पुण्यात व्हीएफएक्स स्टुडिओत, म्हणजे सिनेमातली दृश्यं संगणकावर घडवतात तिथं, कंपोझिटर आहे; वेगवेगळी चित्रणं एकात बेमालूम बसवणं हे त्याचं काम. त्यानं व्हिडिओ एकदा पाहिला आणि म्हणाला, "मामा, बाईकडं काय बघताय, तिची कड बघा की."

व्हीएफएक्स म्हटलं की आपल्याला स्फोट आणि राक्षस आठवतात. भाच्याचं बरंचसं काम मात्र वेगळं असतं. नटी स्टुडिओत हिरव्या पडद्यापुढं उभी असते, राजहंसगडाचं चित्रण दुसऱ्याच दिवशी झालेलं असतं, आणि ती गडावरच उभी होती असं वाटायला हवं. हे साधतं ते एका आकड्यामुळं.

डिजिटल चित्र म्हणजे ठिपक्यांची जाळी. प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे असतात. १९७० च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत एड कॅटमल आणि आल्वी रे स्मिथ यांनी त्याला चौथा आकडा जोडला, अल्फा. ठिपका पूर्ण नटीचा असेल तर अल्फा १, तिचा अजिबात नसेल तर ०. खरी गंमत मधल्या आकड्यांत आहे. तिच्या गजऱ्यातल्या मोगऱ्याची पाकळी ठिपक्याच्या चौकटीत नेमकी बसत नाही. कडेच्या ठिपक्यात अर्धी पाकळी, अर्धी मागची भिंत. तिथं अल्फा ०.५.

उजळता ० म्हणजे काळं आणि २५५ म्हणजे पांढरं अशी मोजली, तर पाकळीची २४० धरा, गडाच्या दगडाची १००. नव्या चित्रात तो ठिपका २४० चा निम्मा अधिक १०० चा निम्मा, म्हणजे १७० हवा. आता पुष्कळ फायलींत पाकळीचा आकडा आधीच अल्फानं गुणून, १२० असा ठेवलेला असतो. १९८४ साली टॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी चित्रं एकावर एक ठेवण्याचे नियम मांडले, ते याच गुणलेल्या आकड्यांवर. पण नवशिक्यानं त्याला पुन्हा गुणलं की १२० चे ६० होतात, बेरीज ११० भरते, आणि पांढऱ्याशुभ्र गजऱ्याला मळकट काळी कड येते. प्रेक्षकाला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी खोटं आहे हे डोळ्याला कळतं.

घाटातल्या बाईचं रहस्यही इथंच आहे. तिच्या सगळ्या अंगाला कुणीतरी निम्मा अल्फा दिला होता. अंधारात मोबाईलनं काढलेल्या चित्रणात दाणे वळवळतात. झाडांवर ते वळवळत होते, बाई मात्र स्वच्छ होती, म्हणजे ती मागाहून बसवलेली. असले व्हिडिओ पुढं ढकलून माणसं घाबरवली जातात, याची मला चीड येते.

पडदा हिरवा का? माणसाच्या कातडीत हिरवा रंग वरचढ नसतो, त्यामुळं पडदा वेगळा काढता येतो. शिवाय बहुतेक कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर चार ठिपक्यांपैकी दोन हिरव्याचे असतात, म्हणून हिरव्यात तपशील जास्त मिळतो. मात्र आमच्याच नात्यातल्या एका लग्नात स्टुडिओवाल्यानं नवरीला अशा पडद्यापुढं उभं करून मागं महाल बसवला. तिचा हिरवा चुडा संगणकानं पडद्यातच धरला. अल्बममध्ये तिच्या मनगटांतून महालाचे खांब दिसतात. अशा वेळी निळा पडदा लावायचा असतो.

भाच्यानं सुरुवात रोटोपासून केली. रोटो म्हणजे पडदा नसेल तिथं माणसाभोवती हातानं रेषा काढणं. सेकंदाला २४ फ्रेम, पाच सेकंदांच्या शॉटला १२०. पहिलं वर्ष त्याचं यातच गेलं. मग तारा-दोऱ्या पुसण्याचं पेंट, मग पडदा काढण्याचं कीइंग, आणि शेवटी कंपोझिटिंग. 'तीन महिन्यांत हमखास नोकरी' अशा फलकांवर पालकांनी भुलू नये. एआय आता ढोबळ कापणी झटपट करतं, हे खरं आहे. उडणाऱ्या केसांपाशी मात्र भाचा अजून प्रत्येक फ्रेम स्वतः तपासतो.

सुट्टीत तो आला की गल्लीतली मुलं त्याला विचारतात, काय शिकू? तो आजीला परसदारी उन्हाकडं पाठ करून बसवायला सांगतो. फोटो काढायचा आणि तिचे पांढरे, उडणारे केस न तुटता दुसऱ्या चित्रावर बसवून दाखवायचे.