लाल काचेतून न दिसणारा माणूस

‘मिस्टर इंडिया’ (१९८७) सिनेमातलं ते मनगटावरचं यंत्र खरोखरच हाती आलं, तर पहिला आठवडा डोळ्यांना पट्टी बांधून घरात वावरायचा सराव करा. बटण दाबलं की तुम्हाला काहीही दिसणार नाही. दिसणं म्हणजे डोळ्यात शिरलेला प्रकाश नेत्रपटलाने, म्हणजे डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्याने, शोषून घेणं. अख्खं शरीर पारदर्शक झालं तर नेत्रपटलही पारदर्शक होणार. प्रकाश त्यातून आरपार जाईल आणि मेंदूला काहीच कळणार नाही. यंत्र प्रकाशाला अंगाभोवतून वळवून नेत असेल, तर तो डोळ्यांपर्यंत पोचणारच नाही आणि आत मिट्ट काळोख असेल. बघायचंच असेल तर बाहुल्यांपुरती सूट ठेवावी लागेल. मग भर उन्हात समोरच्याला हवेत तरंगणारे, दोन-तीन मिलिमीटरचे दोन काळे ठिपके दिसतील.

पावसात बाहेर पडायचं नाही, हे सांगायला नकोच. अंगावरून ओघळणारं पाणी माणसाचा आकार काढून दाखवेल. अंगातली ऊबही लपत नाही. ८ ते १४ मायक्रोमीटरच्या अवरक्त किरणांवर चालणाऱ्या कॅमेऱ्याला माणूस अंधारातही लख्ख दिसतो.

पण त्या सिनेमातली सगळ्यात मोलाची गोष्ट आहे लाल प्रकाश. लाल उजेडात नायक दिसू लागतो. कथेला अडचण हवी म्हणून घातलेली ही अट विज्ञानाच्या फार जवळ जाते, कारण अदृश्यतेला रंगाची अट असावीच लागते. फक्त खऱ्या प्रयोगांमध्ये ही अट बहुतेकदा उलटी निघते: लाल प्रकाशातच लपणं सोपं जातं.

अट का पडते ते आधी पाहू. समजा ५० सेंटिमीटर रुंदीचा गोल पडदा तुमच्याभोवती आहे आणि तो मागचा प्रकाश वळवून पुढे आणतो. सरळ जाणाऱ्या प्रकाशाला ५० सेंटिमीटर जायचं आहे, कडेने वळसा घालणाऱ्याला सुमारे ७८. पलीकडे दोघांच्या लहरी एका पावलावर पोचल्या नाहीत, तर मागचं दृश्य विस्कटतं आणि ‘इथे काहीतरी आहे’ हे कळतं. म्हणजे वळसा घालणाऱ्या लहरीच्या शिखराने पडद्यात सेकंदाला ३ लाख किलोमीटरहून जास्त वेगाने सरकायला हवं. एकाच शुद्ध रंगाच्या अखंड लहरीत शिखरं असं करू शकतात. त्यातून कोणताही संदेश प्रकाशाच्या पुढे जात नाही, त्यामुळे आईन्स्टाईनचा नियम मोडत नाही. अनेक रंगांच्या प्रकाशाला मात्र हे एकत्र जमत नाही. म्हणून साधा, बाहेरून ऊर्जा न घेणारा पडदा रंगांच्या एका अरुंद पट्ट्यापुरताच काम करतो.

२००६ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात डेव्हिड शुरिग, डेव्हिड स्मिथ आणि सहकाऱ्यांनी, लंडनचे भौतिकशास्त्रज्ञ जॉन पेंड्री यांच्या गणितावरून असा पहिला पडदा बनवला. तांब्याच्या बारीक तुटक कड्या छापलेल्या पट्ट्यांची १० वर्तुळं एकात एक बसवून मध्ये ५ सेंटिमीटर व्यासाचा तांब्याचा दंडगोल ठेवला. ८.५ गिगाहर्ट्झच्या सूक्ष्मलहरी (मायक्रोवेव्ह) त्याला वळसा घालून गेल्या, पूर्णपणे नाही, पण मोजता येईल इतक्या. या लहरींची लांबी साडेतीन सेंटिमीटर, त्यामुळे एकेक कडी सुमारे ३ मिलिमीटरची चालली. कडी लहरीच्या दहाव्या भागाएवढी असावी असा ढोबळ हिशेब धरला, तर ६५० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशासाठी ती ६५ नॅनोमीटरची लागेल आणि निळ्यासाठी ४५ ची. इतक्या बारीक धातूत प्रकाश शोषलाही बराच जातो. दृश्य प्रकाशात लाल रंग त्यातल्या त्यात सवलत देणारा आहे.

दुसरी वाट पारदर्शक होण्याची. ती स्वयंपाकघरात पाहता येते. बोरोसिलिकेट काचेची परीक्षानळी सूर्यफुलाच्या तेलाने भरून तेलाच्याच ग्लासात बुडवा. दोघांचा अपवर्तनांक, म्हणजे पदार्थ प्रकाशाला किती वळवतो हे सांगणारा आकडा, १.४७ च्या आसपास असल्याने प्रकाश कुठेच वळत नाही आणि नळी जवळजवळ नाहीशी होते. नळी आधी आतून भरली नाही तर फसतं: आतल्या हवेमुळे ती चांदीसारखी चमकते. साधी खिडकीची काच (१.५२) घेतली तर कडा दिसत राहतात.

आपली कातडी अपारदर्शक असण्याचं मोठं कारण असंच आहे. पेशींमधलं पाणी (१.३३) आणि त्यातली प्रथिनं, चरबी (१.४ च्या वर) यांच्या प्रत्येक सीमेवर प्रकाश भरकटतो. २०२४ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी टार्ट्राझिन हा खाद्यपदार्थांतला पिवळा रंग पाण्यात दाट विरघळवून जिवंत उंदराच्या कातडीला चोळला आणि आतल्या रक्तवाहिन्या, पोटातल्या अवयवांची हालचाल दिसू लागली. हा रंग निळा प्रकाश जोरात शोषतो आणि त्याच्याच परिणामाने लाल प्रकाशासाठी पाण्याचा अपवर्तनांक वाढतो. पाणी आणि प्रथिनं लाल प्रकाशापुरती एकसारखी होतात. पाण्याने धुतलं की कातडी पुन्हा पहिल्यासारखी. माणसाची कातडी कितीतरी जाड असते, रंगही शरीरात जातो, म्हणून हा प्रयोग स्वतःवर अजिबात करू नये. पण लाल दिव्याखाली हा उंदीर अधिक पारदर्शक दिसतो, म्हणजे बरोबर सिनेमाच्या उलट.

मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला काचबेडूक पारदर्शक होण्यात फार तरबेज. रक्तातला लाल रंग हिरवा प्रकाश शोषतो, त्यामुळे हिरव्या पानावर झोपलेला बेडूक उठून दिसला असता. २०२२ मध्ये आढळलं, की तो झोपताना सुमारे ८९ टक्के तांबड्या पेशी यकृतात साठवून ठेवतो आणि रक्ताची गुठळीही होऊ देत नाही. रक्ताचं हे दुसरं कोडं डॉक्टरांना जास्त हवंहवंसं आहे.

आता घरी किंवा शाळेत करता येईल असं यंत्र. २०१४ मध्ये रॉचेस्टर विद्यापीठाच्या जोसेफ चोई आणि जॉन हॉवेल यांनी चार भिंगांत हे साधलं. शाळेच्या प्रयोगशाळेतली ५ सेंटिमीटर व्यासाची बहिर्गोल भिंगं घ्या: दोन २० सेंटिमीटर नाभीय अंतराची, दोन १० ची. क्रम २०, १०, १०, २०. पहिल्या दोघांत ३० सेंटिमीटर, मधल्या दोघांत ६०, शेवटच्या दोघांत पुन्हा ३०. मागे दोन मीटरवर चौकटींचा कागद लावा आणि समोरून दोन-तीन मीटरवर मोबाईल भिंगांच्या रेषेत धरा. चौकटी सुलट आणि मूळ आकाराच्याच दिसायला हव्यात. आता पहिल्या भिंगामागे २० सेंटिमीटरवर पेन्सिल बाजूने हळूहळू आत सरकवा. तिचं टोक भिंगाच्या आड गेलं की दिसेनासं होतं, चौकटी मात्र जागच्या जागी. तिथे प्रकाश मधोमध अगदी बारीक झालेला असतो आणि भोवतीची कड्यासारखी जागा रिकामी असते. टोक नेमकं मध्यावर गेलं की सगळं दृश्य झाकतं. म्हणून यात हात लपतो, अख्खा माणूस नाही.

बिघडतं ते बहुधा भिंगावर लिहिलेल्या आकड्यामुळे. प्रत्येक भिंग खिडकीत धरून दूरच्या इमारतीची स्पष्ट प्रतिमा भिंतीवर पाडा आणि अंतर स्वतः मोजा. सूर्यावर कधीच धरू नका. मधलं अंतर काढायला दोन्ही नाभीय अंतरांच्या बेरजेला लहान अंतराच्या दुपटीने गुणून दोहोंतल्या फरकाने भागायचं. ‘१०’ चं भिंग खरं ९.६ निघालं तर मधलं अंतर ६० ऐवजी ५४.६ येतं. चार मिलिमीटरची चूक पाच सेंटिमीटरहून मोठी होते, आणि चौकटी फुगलेल्या किंवा आखडलेल्या दिसतात. भिंगांचे मध्य एका उंचीवर नसतील तर दृश्य एका बाजूला सरकतं.

हे सगळं जुळलं तरी चौकटींच्या कडेला निळ्या-तांबड्या झालरी उरतात. साध्या काचेच्या २० सेंटिमीटरच्या भिंगात निळा आणि लाल प्रकाश सुमारे ३ मिलिमीटर मागेपुढे एकवटतो. चोई आणि हॉवेल यांनी दोन प्रकारच्या काचा जोडलेली महाग भिंगं वापरून हे टाळलं. शाळेत त्यासाठी लाल जिलेटिन कागदाचा तुकडा पुरतो. तो मोबाईलच्या कॅमेऱ्यावर ताणून धरला की झालरी जातात, चौकटी धारदार होतात आणि पेन्सिल आधीपेक्षा सफाईने नाहीशी होते.