प्लगच्या खोक्यावरचे दोन आकडे: सहा आणि अकरा

गाडीच्या इंजिनात ठिणगी पाडून पेट्रोल पेटवणारा स्पार्क प्लग घ्या. एनजीके कंपनीच्या अशा प्लगच्या खोक्यावर ‘बीपीआर६ईएस-११’ असं काहीतरी छापलेलं असतं. ऑपेरा हाउसच्या स्पेअर पार्टच्या दुकानात उभं राहिलात की कोणी ‘सहा नंबर’ मागतो, कोणी ‘अकराचा द्या’ म्हणतो आणि दोघंही त्याला ‘प्लगचा नंबर’च म्हणतात. पण मधला सहा वेगळा आणि शेपटीचा अकरा वेगळा. अकरा म्हणजे गॅप, मधला इलेक्ट्रोड आणि त्याच्यासमोरची वाकवलेली पट्टी यांच्यातलं, ठिणगी जिथे उडी मारते ते अंतर, १.१ मिलिमीटर. सहा म्हणजे हीट रेंज, प्लग स्वतःची उष्णता किती लवकर इंजिनाच्या हेडला देऊन टाकतो त्याचा दर्जा. गॅप आपण घरी, सोसायटीच्या कंपाउंडमध्ये बसून बदलू शकतो. हीट रेंज कारखान्यातच ठरून येते. ती हवी तशी नसेल तर प्लग बदलायचा, दुसरा इलाज नाही.

हे मला कळायला माझी स्वतःचीच चूक उपयोगी पडली. गाडीतून निघालेले जुने प्लग बॉश या दुसऱ्या कंपनीचे होते, त्यावर सातचा आकडा. दुकानात मी रुबाबात सांगितलं, ‘सात नंबर द्या, शेपटीला अकरा.’ दुकानात एनजीकेचे होते, दुकानदाराने त्यातले सातच दिले. बिचाऱ्याने मागितलं तेच दिलं. महिनाभर दादर ते पवई, सकाळ-संध्याकाळ ट्रॅफिकमध्ये रांगत गेल्यावर गाडी मिसिंग मारायला, म्हणजे मधेमधे ठिणगी चुकवून झटके द्यायला लागली. प्लग काढून पाहिले तर चारही काळे, हाताला काजळी लागेल असे.

आता इथे माणूस गॅपच्या मागे लागतो. मीही लागलो. पॉलिश पेपरने पुसून गॅप ०.९ वर आणला आणि गाडी चार दिवस एकदम छान चालली! नंतर परत तेच. मधे एकदा एक्स्प्रेस-वेने पुण्याला जाऊन आलो तर प्लग आपोआप बरेचसे स्वच्छ. मुंबईत दोन आठवडे फिरवली की पुन्हा काळे.

काजळी म्हणजे कार्बन आणि कार्बनमधून करंट जातो. प्लगच्या आत मधल्या इलेक्ट्रोडभोवती जे पांढरं चिनी मातीचं नाक असतं, त्यावर काजळीचा थर बसला की करंटला हवेत उडी मारायची गरजच उरत नाही. तो नाकावरून घसरत प्लगच्या अंगात उतरतो. ठिणगी पडतच नाही किंवा पडली तरी मरतुकडी. गॅप कमी केला की उडी सोपी होते, म्हणून थोडे दिवस बरं वाटतं. पण काजळी का बसते, हा प्रश्न तिथेच राहतो.

ती बसते कारण नाक पुरेसं तापत नाही. साधारण ४५० ते ५०० अंश सेल्सिअसच्या वर गेलं की काजळी आपोआप जळून जाते. दुसऱ्या टोकाला, ८०० अंशांच्या वर गेलं की प्लगच निखाऱ्यासारखा लाल होऊन ठिणगीच्या आधीच पेट्रोल पेटवायला लागतो. बोर घाट चढताना हे झालं तर पिस्टनला भोक पडण्यापर्यंत मजल जाऊ शकते. या दोन टोकांच्या मधे प्लग ठेवणं, हे हीट रेंजचं काम. ज्याचं नाक लांब, त्याची उष्णता बाहेर पडायला वेळ लागतो, तो ‘हॉट’ प्लग. आखूड नाकाचा लवकर थंड होतो, तो ‘कोल्ड’. हॉट प्लग म्हणजे ठिणगी जास्त कडक, हा निव्वळ गैरसमज. ठिणगीचा याच्याशी संबंध नाही.

आणि आकड्यांची खरी गंमत अशी, की एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग जास्त कोल्ड आणि बॉशमध्ये आकडा वाढला की जास्त हॉट. एनजीकेचा बीपीआर६ईएस, बॉशचा डब्ल्यूआर७डीसी, चॅम्पियनचा आरएन९वायसी, डेन्सोचा डब्ल्यू२०ईपीआर-यू हे चौघं एकमेकांच्या जागी चालणारे. सहा, सात, नऊ आणि वीस! बॉशच्या सातऐवजी मला एनजीकेचा सहा हवा होता. मी सात घेतला, म्हणजे एक पायरी कोल्ड. हायवेला तो व्यवस्थित तापत होता. सायनच्या सिग्नलला उभ्या गाडीत तो तापणार कसा?

गॅपची लक्षणं वेगळी. गाडी चालते तशी इलेक्ट्रोडची धातू झिजते आणि गॅप हळूहळू वाढत जातो. मोठ्या गॅपला जास्त व्होल्टेज लागतं, आणि सिलिंडरमध्ये दाब जितका जास्त तितकं अजून जास्त. म्हणून गॅप वाढलेली गाडी उभी असताना शहाण्यासारखी वागते आणि जेव्हीएलआरच्या (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडच्या) चढाला, चार माणसं बसवून, एसी लावून ॲक्सिलरेटर दाबला की उचक्या देते. प्लगला व्होल्टेज पुरवणाऱ्या कॉइलवर ताण येतो तो वेगळाच. उलट गॅप फार कमी असेल तर ठिणगी इतकी बारीक की सिग्नलला गाडी थरथरते, पण चढाला पळते. माझी ०.९ वरची गाडी सिग्नलला थोडी थरथरत होतीच. मी ते इंजिनाच्या वयावर ढकललं होतं.

गॅप मोजायला इंजिन पूर्ण थंड हवं. नवा प्लगही खोक्यातून काढून थेट लावू नका, प्रवासात आपटून वरची पट्टी दबलेली असू शकते. चपट्या फिलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पात्यांनी, नवा प्लग मोजता येतो. जुन्याला ते फसवतं, कारण पट्टीच्या पोटात झिजून खळगा पडलेला असतो, पाती त्याच्या कडांवर टेकते आणि गॅप आहे त्याहून कमी दाखवते. त्याला गोल तारेचं गेज घ्यावं. तार किंचित अडत सरकली पाहिजे. १.१ ची तार जाते आणि १.२ ची जात नाही, की झालं. गॅप कमी करायचा तर पट्टी लाकडाच्या फळीवर हलकेच टेकवायची, एकेक टिचकी, प्रत्येक टिचकीनंतर मोजायचं. वाढवायचा तर गेजला असलेल्या हुकाने पट्टीच वर उचलायची. मधल्या इलेक्ट्रोडला टेकू देऊन पट्टी उचकटायची नाही.

मधलं टोक इरिडियम धातूचं असलेल्या प्लगला तर तसं अजिबात करू नका. ते टोक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाड असतं आणि इरिडियम कडक असला तरी ठिसूळ. नाण्यासारखं गोल गेज असतं ना, कडेला जाडी वाढत जाणारं, ते यात सरकवून पिळलं की टोक मोडतं. तारेने फक्त तपासा. आकडा चुकलेला असेल तर दुकानातून बदलून आणा.

सीएनजीवाल्यांसाठी एक. सीएनजीवर काजळी फारशी धरत नाही, त्यामुळे प्लग काढला की गोरापान दिसतो आणि माणूस निर्धास्त होऊन तो परत लावतो. पण रंग सांगतो तो नाकाच्या तापमानाबद्दल, गॅपबद्दल काहीच नाही. सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून वाढलेला गॅप तिथेच आधी त्रास देतो. गाडीच्या पुस्तकात सीएनजीसाठी वेगळा आकडा दिलेला असेल तर तोच धरावा. काळा थर कोरडा नसून ओला, तेलकट असेल तर मात्र आकडे बाजूला ठेवा. ते इंजिन तेल पितंय. पिस्टन रिंग नाहीतर वॉल्व्ह सील गेलेत.

शेवटी सहा नंबरचे चार आणले, तारेने मोजले. तीन बरोबर निघाले, एक दबलेला होता, तो उचलून १.१ केला. हाताने आटे बसवले, वॉशर टेकल्यावर पान्याने साधारण अर्धा वेढा. पाच आठवड्यांनी, त्याच दादर-पवई रांगेनंतर, पहिला प्लग काढून पाहिला. नाकाचा रंग पार्ले-जीच्या बिस्किटासारखा, १.१ ची तार अजून तशीच अडत सरकत होती. काढलेले सात नंबरचे चार खोक्यात घालून माळ्यावर टाकलेत.