घर बदलताना लँडलाइनचा जुना क्रमांक कायम ठेवायचा असल्यास: पात्रता, अर्ज आणि कागदपत्रे

घर बदलताना लँडलाइनचा जुना क्रमांक सोबत नेता येतो का, हे नवे घर किती लांब आहे यावर ठरत नाही. ते कोणत्या एसटीडी कोडच्या हद्दीत आहे यावर ठरते. मुलुंडहून ठाण्याला राहायला जाणाऱ्याचा कोड ०२२ च राहतो, त्यामुळे क्रमांक टिकण्याची शक्यता असते. तोच माणूस आणखी थोडे पुढे डोंबिवलीला गेला, तर तेथे कोड ०२५१ लागतो आणि जुना क्रमांक मागे राहतो. पुण्यातही तसेच आहे. पेठेतून कोथरूडला किंवा पिंपरी-चिंचवडला गेले तरी ०२० कायम असतो, मात्र चाकणला ०२१३५ आणि तळेगाव दाभाड्याला ०२११४. म्हणून अर्ज भरण्याआधी नव्या घराच्या शेजाऱ्याला किंवा कोपऱ्यावरच्या दुकानदाराला त्याच्या लँडलाइनचा कोड विचारावा. निम्मे उत्तर तेथेच मिळते.

यामागचे कारण क्रमांकाच्या रचनेतच आहे. आपल्याकडे एसटीडी कोडातील सुरुवातीचे शून्य सोडले, तर कोड आणि स्थानिक क्रमांक मिळून दहा आकडे होतात. मुंबईचा कोड लहान असल्यामुळे तेथे स्थानिक क्रमांक आठ आकडी आहे, नाशिक (०२५३) किंवा कोल्हापूर (०२३१) येथे सात आकडी, तर सातारा (०२१६२) येथे सहा आकडी. प्रत्येक कोडाची हद्द ठरलेली असते. दूरसंचार विभागाच्या भाषेत तिला ‘शॉर्ट डिस्टन्स चार्जिंग एरिया’ म्हणतात आणि ती ढोबळमानाने तालुक्याएवढी असते. त्या हद्दीतही पूर्वी स्थानिक क्रमांकाचे पहिले काही आकडे विशिष्ट एक्स्चेंजला, म्हणजे त्या भागाच्या दूरध्वनी केंद्राला, दिलेले असत. २४ ने सुरू होणारा क्रमांक म्हटला की दादर-माटुंगा, २७ म्हटला की नवी मुंबई, हे जुन्या मुंबईकरांना पाठ असे ते त्यामुळेच. आपल्या घरातील फोनच्या तांब्याच्या तारांची जोडी खांबावरच्या किंवा जिन्यातल्या डीपीपर्यंत (तारा जोडण्याच्या लहान पेटीपर्यंत), तेथून रस्त्याकडेच्या पिलरपर्यंत (मोठ्या पेटीपर्यंत) आणि पुढे जमिनीखालच्या केबलने एक्स्चेंजपर्यंत गेलेली असते. घर दुसऱ्या एक्स्चेंजच्या हद्दीत गेले की ती जोडी तेथवर पोहोचत नसे आणि एकाच शहरात राहूनही क्रमांक बदलावा लागे.

आता ही अडचण बरीच कमी झाली आहे. फायबरवर आलेला फोन इंटरनेटच्याच तंत्राने चालतो, त्यामुळे क्रमांक ठरावीक एक्स्चेंजमधील ठरावीक तारेला बांधलेला राहत नाही आणि त्याच एसटीडी कोडच्या हद्दीत तो एका भागातून दुसऱ्या भागात नेणे तांत्रिकदृष्ट्या सोपे जाते. म्हणून जुन्या घरी तांब्याची तार असेल आणि नव्या इमारतीत फायबर पोहोचलेले असेल, तर स्थलांतर आणि फायबरवर जाणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मागाव्यात. मात्र एक फरक आधीच समजून घ्यावा. तांब्याच्या तारेवरील फोनला लागणारी वीज एक्स्चेंजमधून, सुमारे ४८ व्होल्ट दाबाने येते, म्हणून घरातील दिवे गेले तरी तो चालू राहतो. फायबरच्या फोनला भिंतीवरील यंत्राद्वारे घरचीच वीज लागते आणि ती गेली की फोनही बंद पडतो. वृद्ध आईवडिलांसाठी लँडलाइन ठेवली असेल, तर ते यंत्र इन्व्हर्टरच्या प्लगवर घ्यावे किंवा त्याला छोटा यूपीएस जोडावा.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. मोबाईलचा क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलण्याची सोय २० जानेवारी २०११ पासून देशभर सुरू झाली आणि ३ जुलै २०१५ पासून ती राज्याची सीमा ओलांडूनही वापरता येऊ लागली. लँडलाइनला ही सोय नाही. म्हणजेच आपला क्रमांक बीएसएनएलचा असेल, तर स्थलांतरानंतरही तो बीएसएनएलकडेच राहील, आणि खासगी कंपनीचा असेल, तर त्याच कंपनीची सेवा नव्या इमारतीत असायला हवी. नव्या सोसायटीने एखाद्याच कंपनीला केबल टाकू दिली असेल आणि ती आपली नसेल, तर बाकी सर्व अटी पूर्ण होऊनही क्रमांक नेता येणार नाही. ही चौकशी सोसायटीच्या कार्यालयात घर ताब्यात घेण्यापूर्वीच करावी.

पात्रतेच्या अटी फार नाहीत. जोडणी अर्जदाराच्या नावावर असावी, ती बिल थकल्यामुळे बंद झालेली नसावी, मागील सर्व बिले भरलेली असावीत आणि नव्या पत्त्यावर सेवा देणे शक्य असावे. बहुतेक अर्ज यांपैकी पहिल्याच अटीवर अडतात. कित्येक घरांत फोन अजूनही आजोबांच्या किंवा वडिलांच्या नावावर असतो आणि ते हयात नसतात. बिल वर्षानुवर्षे मुलगा भरत आलेला असतो, म्हणून कोणाच्या ते लक्षातही आलेले नसते. अशा वेळी स्थलांतराचा अर्ज थेट करता येत नाही. आधी जोडणी वारसाच्या नावावर करून घ्यावी लागते. त्यासाठी मूळ ग्राहकाच्या मृत्यूचा दाखला, अर्जदाराचे ओळखपत्र, नाते सिद्ध करणारा कागद आणि इतर वारसांचे सह्यांसह ना-हरकत पत्र मागितले जाते. काही ठिकाणी प्रतिज्ञापत्रही लागते. भावंडे परगावी असतील, तर ना-हरकत पत्रे गोळा करण्यातच महिना जातो. म्हणून घर बदलण्याचे नक्की झाल्याबरोबर पहिले काम हे हाती घ्यावे. मूळ ग्राहक हयात असून केवळ वयामुळे कार्यालयात येऊ शकत नसतील, तर त्यांच्या सहीचा अर्ज, अधिकारपत्र आणि दोघांच्या ओळखपत्रांच्या प्रती नेल्या म्हणजे साधारणतः काम होते.

स्थलांतराच्या अर्जासोबत द्यायची कागदपत्रे अशी: सर्वांत अलीकडचे बिल आणि ते भरल्याची पावती, आधार, पासपोर्ट, वाहन परवाना किंवा मतदार ओळखपत्र यांपैकी एका ओळखपत्राची प्रत, आणि नव्या पत्त्याचा पुरावा. पॅन कार्डावर पत्ता नसल्याने ते पत्त्याचा पुरावा म्हणून चालत नाही, हे रांगेत उभे राहिल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे. स्वतःचे घर असेल, तर इंडेक्स टू (खरेदीखताच्या नोंदणीचा उतारा), मालमत्ता कराची पावती किंवा नावावर झालेले वीजबिल द्यावे. नवीन फ्लॅटचे वीजबिल बरेच दिवस बिल्डरच्याच नावाने येत राहते. तसे असल्यास त्यासोबत इंडेक्स टू जोडावे. भाड्याचे घर असल्यास नोंदणी केलेला लीव्ह अँड लायसन्स करार लागतो. साध्या स्टॅम्प पेपरवर लिहून घेतलेला, नोंदणी न झालेला करार अनेक कार्यालये स्वीकारत नाहीत. मूळ कागद पडताळणीसाठी सोबत न्यावेत आणि प्रतींवर स्वतःची सही करून त्या कशासाठी दिल्या आहेत तेही लिहावे.

अर्ज ग्राहक सेवा केंद्रात छापील नमुन्यात मिळतो, आणि कंपन्यांच्या संकेतस्थळांवर किंवा ॲपवरही स्थलांतराची विनंती नोंदवता येते. क्रमांक कायम ठेवणे हाच मुख्य हेतू असेल, तर केंद्रात जाऊन लेखी अर्ज द्यावा, असे माझे मत आहे, कारण ॲपवर ‘स्थलांतर’ एवढाच पर्याय दिसतो आणि क्रमांकाबद्दलची अट लिहायला तेथे जागा मिळेलच असे नाही. छापील अर्जावर जुना पत्ता, नवा पत्ता आणि क्रमांक भरून झाल्यावर शेरा लिहिण्याच्या जागेत, किंवा सोबत जोडलेल्या साध्या कागदावर, पुढील मजकूर लिहावा: ‘वरील दूरध्वनी क्रमांक कायम ठेवून जोडणी नव्या पत्त्यावर स्थलांतरित करावी. क्रमांक कायम ठेवणे शक्य नसल्यास जुन्या पत्त्यावरील जोडणी बंद करण्यापूर्वी मला लेखी कळवावे.’ दुसरे वाक्य पहिल्याइतकेच महत्त्वाचे आहे. ते नसेल, तर जुनी तार आधी कापली जाते, नव्या पत्त्यावर सेवा शक्य नाही हे नंतर समजते आणि तोवर क्रमांक मोकळा झालेला असतो. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी आणि नोंदणी क्रमांक लिहून घ्यावा.

नवे घर ताब्यात आल्यावर, पण जुने सोडण्यापूर्वी निदान तीन-चार आठवडे हातात असतील अशा बेताने अर्ज करावा. अर्ज दाखल झाल्यावर नव्या पत्त्यावर सेवा देता येईल का, याची तपासणी होते. केंद्रातील माणसे तिला ‘फिजिबिलिटी’ म्हणतात. त्यात डीपीवर मोकळी जोडी किंवा फायबरची मोकळी जागा आहे का, हे पाहिले जाते. फायबरची जोडणी बहुतेक ठिकाणी स्थानिक भागीदार सांभाळतात, आणि जुन्या व नव्या भागाचे भागीदार वेगळे असतील, तर काम एकाकडून दुसऱ्याकडे सोपवले जाते. या टप्प्यावर ‘स्थलांतराला वेळ लागेल, त्यापेक्षा नवीनच कनेक्शन घ्या, उद्या लावून देतो’ असा सल्ला हमखास मिळतो. तो खोटा नसतो, पण नवीन जोडणी म्हणजे नवीन क्रमांक. घाई असेल, तर नव्या घरी इंटरनेट वेगळे घ्यावे, पण जुनी जोडणी बंद करण्याच्या अर्जावर सही करू नये. जोडणी एकदा रीतसर परत केली की तोच क्रमांक पुन्हा मिळण्याचा हक्क राहत नाही. शुल्क जोडणीच्या प्रकारानुसार आणि योजनेनुसार वेगवेगळे असते, त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो आणि ते बहुधा पुढील बिलात येते. तरी अर्ज देतानाच आकडा विचारून घ्यावा. जुन्या घरातून निघताना फोनचे यंत्र, मोडेम आणि त्याचा ॲडॉप्टर आठवणीने काढून घ्यावा. तो रंगाऱ्याच्या हाती लागला की सापडत नाही.

पुनर्विकासासाठी इमारत रिकामी करणाऱ्यांचा प्रश्न थोडा वेगळा असतो. दोन-तीन वर्षे भाड्याच्या घरात राहून त्याच जागी परत यायचे असते, आणि मधले घर दुसऱ्या कोडच्या हद्दीत असू शकते. सरकारी लँडलाइनसाठी यावर ‘सेफ कस्टडी’ नावाची सोय आहे: सेवा तात्पुरती बंद राहते, कमी आकार भरावा लागतो आणि क्रमांक ग्राहकाच्या नावावर राखून ठेवला जातो. तिची मुदत मर्यादित असते आणि मुदतवाढ आपण होऊन मागावी लागते. बिल्डरने दिलेली तारीख आणि प्रत्यक्षातला ताबा यांच्यातले अंतर सगळ्यांना ठाऊक आहेच, त्यामुळे मुदत संपण्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी. जवळपासच, त्याच कोडच्या हद्दीत भाड्याचे घर मिळाले असेल, तर मात्र सरळ दोनदा स्थलांतर करून घेणे मला अधिक सुरक्षित वाटते, कारण चालू असलेला क्रमांक कोणी विसरत नाही.

कोड बदलतच असेल, तर क्रमांक वाचवण्याचा मार्ग नाही. बीएसएनएलमध्ये एका शहरातून दुसऱ्या शहरात जोडणी नेण्याची पद्धत आहे, पण तेथे क्रमांक नवा मिळतो. दवाखाना किंवा दुकान असेल, तर जुनी जोडणी दोन-तीन महिने चालू ठेवून तिच्यावरील कॉल मोबाईलकडे किंवा नव्या क्रमांकाकडे वळवावेत. त्या काळात फोन करणाऱ्या प्रत्येकाला नवा क्रमांक सांगता येतो. पुढे हे चित्र थोडे बदलू शकते. दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये अशी शिफारस केली की लँडलाइनचे क्रमांक तालुक्याएवढ्या हद्दीऐवजी संपूर्ण परवाना क्षेत्राच्या पातळीवर दहा आकडी करावेत. महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक परवाना क्षेत्र आहे, तर मुंबई स्वतंत्र. त्यामुळे शिफारस प्रत्यक्षात आली, तरी कोल्हापूरहून पणजीला जाणाऱ्याला जी आशा धरता येईल, ती मुंबईहून पुण्याला जाणाऱ्याला धरता येणार नाही.

अर्ज विनाकारण रखडला, तर प्रथम कंपनीच्या तक्रार केंद्रात तक्रार नोंदवून तिचा डॉकेट क्रमांक घ्यावा. ट्रायच्या २०१२ च्या नियमांनुसार प्रत्येक कंपनीला त्याच्या वरचे अपील प्राधिकरण ठेवणे बंधनकारक आहे. तक्रार सोडवण्याची मुदत संपल्यापासून ३० दिवसांत तेथे विनाशुल्क अपील करता येते आणि त्याचा निकाल ३९ दिवसांत लागला पाहिजे. ट्राय स्वतः वैयक्तिक तक्रारी हाताळत नाही, म्हणून तेथे अर्ज पाठवण्यात वेळ घालवू नये. जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग खुला आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मधील निकालाने स्पष्ट केले आहे.

नव्या घरी फोन जोडला गेला की दोन कॉल करून पाहावेत. मोबाईलवरून कोडसह जुना क्रमांक लावावा आणि याच घरातील यंत्र वाजते याची खात्री करावी. नंतर लँडलाइनवरून मोबाईल लावून पडद्यावर तोच क्रमांक दिसतो का, हे पाहावे. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाईल लावताना आधी शून्य दाबावे लागते, ते विसरल्यामुळे ‘नवी लाइन बिघडली’ अशी तक्रार करणारे आजही भेटतात. कधी कधी जोडणी तात्पुरत्या क्रमांकावर सुरू करून दिली जाते आणि जुना क्रमांक मागाहून चढवला जातो. तो चढेपर्यंत काम पूर्ण झाल्याच्या कागदावर सही देऊ नये. पहिल्या बिलावर नवा पत्ता आणि जुना क्रमांक दोन्ही बरोबर छापलेले आहेत का, हे तपासून ते बिल जपून ठेवावे, कारण नव्या पत्त्याचा पुरावा म्हणून बँकेत आणि गॅस एजन्सीकडे हेच बिल दाखवता येते.