फिफ्थ वॉर्ड शाळेतील हवेची तपासणी

अमेरिकेतील लुइझियाना राज्यात रिझर्व्ह येथील फिफ्थ वॉर्ड प्राथमिक शाळेत क्लोरोप्रीन या रसायनासाठी २०१६ पासून झालेली हवेची तपासणी. बॅटन रूज ते न्यू ऑर्लिन्स या मिसिसिपीकाठच्या पट्ट्यात रासायनिक कारखान्यांची इतकी दाटी आहे की लोक त्याला ‘कॅन्सर ॲली’, म्हणजे कर्करोगाची गल्ली, म्हणतात. या शाळेपासून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर निओप्रीन रबराचा कारखाना होता. पाणबुड्यांचे पोशाख आणि यंत्रांचे पट्टे ज्यापासून होतात ते हे रबर क्लोरोप्रीनपासून बनते. ड्यूपॉंट कंपनीने १९६९ मध्ये येथे उत्पादन सुरू केले. २०१५ मध्ये कारखाना डेन्का कंपनीकडे गेला. शाळेतील मुले बहुतांशी कृष्णवर्णीय.

क्लोरोप्रीनमुळे माणसाला कर्करोग होण्याची शक्यता असल्याचा निष्कर्ष अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१० मध्येच काढला होता. २०१५ च्या अखेरीस देशभरातील हवेचे मूल्यमापन प्रसिद्ध झाले आणि त्यात या वस्तीचा धोका सर्वाधिक ठरला. मग मे २०१६ पासून संस्थेने सहा ठिकाणी नमुने घ्यायला सुरुवात केली. त्यांतले एक ठिकाण म्हणजे ही शाळा.

पद्धत साधी आहे. आतली हवा काढून घेतलेले पोलादी भांडे आवारात ठेवतात. त्याच्या झडपेतून चोवीस तास हळूहळू हवा आत शिरते आणि मग प्रयोगशाळेत त्या हवेतील घटक वेगळे करून मोजतात. यातली उणीव मात्र गंभीर आहे. हाती येते ती दिवसभराची सरासरी. मधल्या सुट्टीत मुले मैदानावर असताना तासाभरासाठी प्रमाण कडाडले, तरी ते त्या एका आकड्यात विरून जाते. शिवाय वजनाच्या मानाने मुले मोठ्यांपेक्षा जास्त हवा आत घेतात, आणि क्लोरोप्रीन पेशींतील जनुकीय द्रव्य बिघडवते असे मानले जात असल्याने लहान वयात त्याच्याशी येणारा संपर्क अधिक घातक धरतात.

संस्थेने दीर्घकाळासाठी सुचवलेली पातळी घनमीटरला ०.२ मायक्रोग्रॅम होती. शाळेतील सरासरी तिच्या अनेक पट निघाली. २०१७ मध्ये कंपनीने उत्सर्जन ८५ टक्के घटवण्याचे राज्य सरकारशी मान्य केले. प्रमाण घटले, पण सुचवलेल्या पातळीपर्यंत आले नाही. आकडे हाती असूनही वर्ग त्याच इमारतीत भरत राहिले, ही या प्रकरणातली सर्वांत बोचणारी गोष्ट. मुलांना येथून हलवण्याचा विचार करावा, असे संस्थेने लेखी कळवले ते ऑक्टोबर २०२२ मध्ये. शाळा बंद करण्याचा ठराव शाळा मंडळाने केला तो २०२४ मध्ये. पहिला नमुना घेतला तेव्हा पहिलीत असलेली मुले तोवर प्राथमिक शाळेतून कधीच बाहेर पडली होती.

केंद्र सरकारने २०२३ मध्ये कंपनीवर दावा लावला आणि मार्च २०२५ मध्ये तो मागे घेतला. त्यानंतर दोनच महिन्यांनी कंपनीने येथील निओप्रीनचे उत्पादन थांबवल्याचे जाहीर केले.